सूर्याचे बारा आणि घड्याळाचे बारा

मे महिन्याची १६ तारीख. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर आम्ही दहा-बारा जण जमलो होतो, त्यात निम्मी मुलं. शून्य सावलीचा दिवस होता. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते, तो दिवस. मुलांच्या शाळेच्या ग्रुपवर संदेश आला होता: "दुपारी ठीक बारा वाजता सावली गायब होणार, विसरू नका!" नळकामातून उरलेला पांढऱ्या पाइपचा फूटभर तुकडा आम्ही ओळंबा लावून सरळ उभा केला होता. त्याच्याभोवती सगळे उकिडवे बसले.

बारा वाजले. सावली होती. चांगली दोन बोटं लांब, पश्चिमेकडे पडलेली. बारा वाजून पाच मिनिटं झाली, तरी होतीच. ऊन मरणाचं होतं. एक-दोघं कंटाळून आमरसाला खाली गेले. "संदेशच खोटा," असं कुणीतरी म्हणालं. पण शेजारची सातवीतली मुलगी हलली नाही. ती दर पाच मिनिटांनी खडूनं सावलीचं टोक फरशीवर मांडत राहिली. सावली आखडत गेली आणि १२ वाजून ३४ मिनिटांनी पाइपच्या बुडात शिरली. मी पाइप दोन बोटं उचलून धरला, तेव्हा फरशीवर सावलीची बांगडी उमटली आणि बांगडीच्या आत उन्हाचं एक गोल नाणं. खाली गेलेल्यांना हाका मारून वर बोलवावं लागलं.

मग त्या मुलीनं विचारलं, "काका, चुकलं कोण? घड्याळ की सूर्य?"

तिथल्या तिथे मी दिलेलं उत्तर अर्धवट होतं. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा उरलेला भाग.

आधी साधा हिशेब. सूर्याच्या हिशेबानं पृथ्वी २४ तासांत स्वतःभोवती एक गिरकी घेते, म्हणजे ३६० अंश फिरते. एका तासाला १५ अंश, एका अंशाला ४ मिनिटं. लेखातलं एवढंच गणित लक्षात ठेवायचं आहे: एक अंश, चार मिनिटं. सूर्य पूर्वेकडच्या गावात आधी माथ्यावर येतो, पश्चिमेकडच्या गावात नंतर. नागपूर मुंबईच्या सव्वासहा अंश पूर्वेला आहे. म्हणून नागपूरच्या डोक्यावर सूर्य येऊन गेल्यावर तब्बल २५ मिनिटांनी तो मुंबईच्या डोक्यावर येतो. पुण्यात तो मुंबईच्या चार मिनिटं आधी येतो, पणजीतही जवळजवळ तेवढाच आधी. एकाच राज्यात, एकाच आकाशवाणीच्या बातम्या ऐकणाऱ्या दोन गावांचा मध्यान्ह जवळपास अर्ध्या तासानं वेगळा असतो, आणि याची जाणीव सहसा कुणालाच नसते.

पूर्वी ती सगळ्यांना असे. प्रत्येक गावाचे बारा आपापले होते. गावाच्या डोक्यावर सूर्य आला की त्या गावाचे बारा. त्याहीपूर्वी तासच नव्हते, घटका होत्या. दिवसरात्र मिळून ६० घटका, एक घटका २४ मिनिटांची. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. "घटका भरली" हा शब्दप्रयोग त्या वाटीतून आला. "औट घटकेचं राज्य" आपण सहज म्हणतो. औट म्हणजे साडेतीन. साडेतीन घटका म्हणजे बरोबर ८४ मिनिटं. एखादा सिनेमासुद्धा त्या राज्यापेक्षा जास्त चालतो.

आपापले बारा असण्यात काही अडचण नव्हती, कारण एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला दिवस लागत. चार मिनिटांचा फरक बैलगाडीला कशाला कळतोय? तो कळला आगगाडीला आणि तारेला. गाडी पुण्याहून पुण्याच्या वेळेनं सुटली आणि मुंबईला मुंबईच्या वेळेनं पोचली, तर वेळापत्रक कुणाच्या घड्याळानं छापायचं? आणि एकाच रुळावरून दोन गाड्या समोरासमोर येणार असतील तर चार मिनिटांचा घोळ जीवघेणा ठरतो. तेव्हा रेल्वेला आणि तारखात्याला देशभर एकच वेळ हवी होती. मद्रासला १७९२ पासून वेधशाळा होती आणि पूर्व-पश्चिम पाहिलं तर मद्रास देशाच्या बऱ्यापैकी मधोमध पडतं, म्हणून १८७० च्या सुमारास रेल्वेनं मद्रासची वेळ धरली. मुंबईच्या वेळेपेक्षा ती ३० मिनिटं पुढे होती. मुंबईकराला गाडी पकडायची तर मद्रासच्या घड्याळानं आणि बाकीचे व्यवहार मुंबईच्या घड्याळानं, अशी दुहेरी सवय लागली.

पुढे जे झालं, ते मला मुंबईच्या इतिहासातलं सर्वांत लोभस प्रकरण वाटतं. १८८१ च्या डिसेंबरात मुंबईच्या गव्हर्नरांनी सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लागू केली. हे गव्हर्नर म्हणजे सर जेम्स फर्ग्युसन, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते. सरकारला वाटलं, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. पण शहर ऐकेना. कचेरीत एक वेळ, पेढीवर दुसरी, घरात तिसरी असा गोंधळ झाला. वर्तमानपत्रांत वाद पेटला. आमच्या डोक्यावरचा सूर्य सोडून मद्रासच्या डोक्यावरचा सूर्य आम्ही का मानायचा, हा त्या वादाचा गाभा. १८८३ मध्ये सरकारनं माघार घेतली आणि मुंबईची वेळ परत आली.

त्या काळात फोर्टमध्ये राजाबाई टॉवर नवाकोरा उभा होता. १८७८ साली तो पुरा झाला. २८० फूट उंच, आणि बांधायला पैसे दिले कापसाच्या व्यापारातले बडे शेठ प्रेमचंद रायचंद यांनी. नाव त्यांच्या आईचं. असं सांगतात, की राजाबाईंना दिसत नव्हतं आणि जैन असल्यानं सूर्यास्ताआधी जेवायचा त्यांचा नेम होता. टॉवरचे टोले ऐकून त्यांना वेळ कळावी, ही मुलाची इच्छा. गोष्ट खरी असो वा लोकांनी नंतर रचलेली, तिच्यात आपल्या विषयाची सगळी गंमत आहे. राजाबाईंना हवा होता सूर्यास्त. टॉवर सांगणार होता तास. मद्रासचे सहा आणि मुंबईचे सहा यांत अर्धा तास असेल, तर नुसत्या सहाच्या टोल्यांवर सूर्यास्त ओळखणं किती अवघड!

१८८४ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनला देशोदेशींच्या प्रतिनिधींची परिषद भरली आणि लंडनजवळच्या ग्रिनिचमधून जाणारी रेषा शून्य रेखांश ठरली. आता जगातल्या घड्याळांना मोजायची एकच खुंटी मिळाली. ग्रिनिचपासून १५ अंश पूर्वेला गेलं की एक तास पुढे. या हिशेबानं पाच तास पुढची रेषा ७५ अंशांवर येते, ती धारवाडजवळून जाते. सहा तास पुढची ९० अंशांवर, ती ढाक्याजवळून. हिंदुस्थानचा मुलूख या दोन्हींच्या अलीकडे-पलीकडे पसरलेला. पाच धरले तर पूर्वेवर अन्याय, सहा धरले तर पश्चिमेवर. म्हणून मधली रेषा घेतली: साडेब्याऐंशी अंश, साडेपाच तास. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून ती जाते. आपल्या प्रमाण वेळेतला तो अर्धा तास, जो परदेशी नातेवाइकांना फोन करताना नेहमी हिशेब बिघडवतो, तो असा आला.

१ जानेवारी १९०६ पासून ही वेळ सुरू झाली. मुंबईचं रेखांश ७२.८, प्रमाण वेळेचं ८२.५. फरक ९.७ अंश, गुणिले चार, म्हणजे ३९ मिनिटं. त्या दिवशी घड्याळं ३९ मिनिटांनी पुढे ढकलायची होती.

ज्याचं पोट घड्याळावर नाही, त्याला हे किरकोळ वाटेल. गिरणी कामगाराच्या जागी बसून पाहा. जानेवारीत मुंबईत सूर्य जुन्या वेळेनं साधारण ६ वाजून ३५ मिनिटांनी उगवायचा. नव्या घड्याळात तोच सूर्योदय सव्वासात वाजता. भोंगा मात्र पूर्वीच्याच आकड्याला वाजणार. म्हणजे सूर्य जागचा हलला नाही, पण माणसाला ३९ मिनिटं आधी, काळोखात, थंडीत उठून चालू लागायचं आहे. त्यासाठी एक पैही जादा मिळणार नाही. त्याच जानेवारीत हजारो गिरणी कामगारांनी माग बंद ठेवले, गिरण्यांवर दगड पडले. बंगालची फाळणी नुकतीच झाली होती, स्वदेशीचं वारं वाहत होतं, त्यामुळे साहेबाची वेळ म्हणून राग होताच. पण मला वाटतं, झोपेतली ३९ मिनिटं गेल्याचा राग त्याहून खरा होता.

मुंबई महापालिकेनंही जुनी वेळ सोडली नाही. सरकार, रेल्वे आणि तारखातं एका वेळेवर, महापालिका दुसऱ्या. "साडेदहा वाजता भेटू" म्हटल्यावर "बॉम्बे टाइम की स्टँडर्ड?" हे विचारावं लागे. स्वातंत्र्य मिळाल्यावरही काही वर्षं हे चाललं. शिवाय मध्ये दुसरं महायुद्ध आलं आणि १९४२ पासून १९४५ पर्यंत सरकारनं देशाची घड्याळं आणखी एक तास पुढे नेली. त्या तीन वर्षांत मुंबईत सूर्य माथ्यावर यायचा तेव्हा युद्धाच्या घड्याळात दीड वाजून गेलेला असायचा, साध्या प्रमाण वेळेत बारा-चाळीसच्या आसपास आणि मुंबईच्या स्वतःच्या वेळेत बारा.

तर गच्चीवरच्या ३४ मिनिटांचा मोठा वाटा हा आहे. डोंबिवली मुंबईपेक्षा जराशी पूर्वेला, त्यामुळे तिचा फरक ३९ ऐवजी साधारण ३८. आपल्या घड्याळाचे बारा हे मिर्झापूरचे बारा आहेत. पण मग ३८ मिनिटांनी नाहीशी व्हायला हवी ती सावली ३४ मिनिटांनीच कशी नाहीशी झाली? चार मिनिटं कुठे गेली?

इथून पुढचं जरा सावकाश वाचा, कारण इथे सूर्य स्वतःच वेळ पाळत नाही.

वटपौर्णिमेचा वड डोळ्यांसमोर आणा. तुम्ही त्याला प्रदक्षिणा घालताय आणि चालता चालता स्वतःभोवती गिरक्याही घेताय. लांबवर एक डोंगर दिसतोय. एक गिरकी पुरी झाली हे दोन तऱ्हांनी ठरवता येईल: डोंगर पुन्हा समोर आला की, किंवा वड पुन्हा समोर आला की. या दोन्ही गोष्टी एकदम होत नाहीत. डोंगर समोर येईपर्यंत तुम्ही वडाभोवती एक पाऊल पुढे सरकलेले असता, त्यामुळे वड किंचित बाजूला राहतो. तो समोर यायला थोडं जास्त फिरावं लागतं.

वड म्हणजे सूर्य, डोंगर म्हणजे तारे. पृथ्वीची ताऱ्यांच्या हिशेबानं एक गिरकी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पुरी होते. सूर्य पुन्हा समोर यायला सरासरी चार मिनिटं जास्त लागतात आणि तेव्हा आपले २४ तास भरतात. म्हणूनच कालचा तारा आज चार मिनिटं आधी उगवतो. आणि आणखी एक, जे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ कागदावर वर्तुळं काढत बसलो होतो: वर्षात दिवस ३६५ असले तरी पृथ्वी स्वतःभोवती ३६६ वेळा फिरते. एक गिरकी प्रदक्षिणेतच जिरून जाते.

आता सगळी मेख त्या "सरासरी"त आहे. ती जास्तीची चार मिनिटं दररोज सारखी नसतात, आणि त्याची कारणं दोन.

पहिलं कारण पावलांचं. पृथ्वीची वाट अगदी गोल नाही, किंचित लांबट आहे. जानेवारीच्या ३-४ तारखेला ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते. हो, थंडीत जवळ आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर. ऋतू अंतरावर ठरत नाहीत, आसाच्या कलण्यावर ठरतात. जवळ असताना ती भरभर चालते, सेकंदाला ३०.३ किलोमीटर, दूर असताना २९.३. पाऊल मोठं पडलं की वड जास्त बाजूला राहतो, म्हणून गिरकीही जास्त घ्यावी लागते. त्यामुळे जानेवारीच्या आसपास सूर्याचा दिवस लांबतो.

दुसरं कारण त्या कलण्याचंच. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला असल्यामुळे ताऱ्यांमधून सूर्याची वाट तिरपी जाते. मार्च आणि सप्टेंबरात त्याची चाल सर्वांत तिरकी असते. त्याच्या सरकण्याचा काही भाग उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे जाण्यात खर्च होतो आणि पूर्वेकडे तो कमी सरकतो. जून आणि डिसेंबरात त्याची सारी चाल पूर्वेकडेच असते. आपल्याला भरपाई करावी लागते ती पूर्वेकडच्या सरकण्याची. म्हणून जून-डिसेंबरात दिवस लांबतो, मार्च-सप्टेंबरात आखडतो.

डिसेंबरअखेरीला ही दोन्ही कारणं एकाच बाजूला ओढतात. एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंतचा वेळ तेव्हा २४ तास आणि वर जवळजवळ ३० सेकंद असतो. सप्टेंबरच्या मध्यावर तो २४ तासांना २१ सेकंद कमी भरतो. तीस सेकंद ते काय! पण ते रोज साठतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुंबईचा मध्यान्ह घड्याळात १२ वाजून २२ मिनिटांनी होतो आणि फेब्रुवारीच्या ११ तारखेच्या सुमारास १२ वाजून ५३ मिनिटांनी. शंभर दिवसांत अर्धा तास! घड्याळ मात्र एका सरासरी, मानलेल्या सूर्याबरोबर चालतं, जो आकाशात कुठेच नाही. खरा सूर्य त्याच्याशी वर्षातून चारदाच जुळतो: १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबरच्या आसपास. मेच्या मध्यावर खरा सूर्य मानलेल्या सूर्याच्या पावणेचार मिनिटं पुढे असतो. गच्चीवरची हरवलेली चार मिनिटं ती हीच.

आपल्याकडे हे ठाऊक होतं. पंचांग करणारे या फरकाला वेलांतर म्हणतात, आणि गावागावातल्या फरकाच्या दुरुस्तीला देशांतर. वेलांतराची दोन कारणं आपल्या ज्योतिर्गणितात वेगळी ओळखलेली आहेत: चालीच्या कमीजास्त वेगामुळे येणारं भुजांतर आणि वाटेच्या तिरपेपणामुळे येणारं उदयांतर. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीत उदयांतर उलगडून मांडलं आहे. त्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. त्यांचे नातू चांगदेव यांनी १२०७ मध्ये तिथे त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याची ती नोंद. ग्रिनिचच्या जागी तेव्हा शून्य रेषा उज्जैनची होती. पाटणादेवीला दर्शनाला जाणाऱ्यांनी तो शिलालेख जरूर पाहावा. आठशे वर्षांपूर्वी त्या डोंगरात बसून कुणीतरी या काही सेकंदांचा हिशेब शिकवत होतं, या विचारानं माझ्या अंगावर काटा येतो.

आता संक्रांत. यात मला सर्वांत जास्त आनंद आहे.

आई म्हणायची, "संक्रांतीपासून दिवस तीळ तीळ वाढतो." शाळेत शिकलो की दिवस २२ डिसेंबरपासूनच वाढायला लागतो. मग मी मोठ्या ऐटीत आईची चूक दाखवली. पुढे काही वर्षांनी वेळा पाहायला बसलो, तेव्हा लाज वाटली.

मुंबईचं पाहा. २२ डिसेंबरला सूर्योदय ७ वाजून ७ मिनिटांनी, सूर्यास्त ६ वाजून ६ मिनिटांनी. हा सर्वांत छोटा दिवस. त्यानंतर दिवस वाढू लागला तर सूर्य लवकर उगवायला हवा ना? संक्रांतीला सूर्योदय ७ वाजून १५ मिनिटांनी! सकाळ उलट सात-आठ मिनिटं उशिरा होऊ लागलेली असते. वाढलेला दिवस सगळा संध्याकाळच्या बाजूला जातो. सूर्यास्त ६:२० वर आलेला असतो. कारण वर आलंच आहे: या दिवसांत मध्यान्हच रोज पुढे घसरतो आणि आपल्याबरोबर सूर्योदय आणि सूर्यास्त दोघांनाही ओढून नेतो. दिवसाची वाढ सुरुवातीला रोज काही सेकंदांचीच असते, ती या ओढीपुढे टिकत नाही. सूर्य पुन्हा लवकर उगवू लागतो तो १७ जानेवारीच्या सुमारास, म्हणजे संक्रांतीनंतर दोन-तीन दिवसांनी. पहाटे उठून चूल पेटवणाऱ्या, पाणी भरणाऱ्या बाईनं दिवस सकाळच्या टोकाकडून पाहिला, तर तिला तो संक्रांतीपासूनच वाढताना दिसणार. मी आकडे पाहत होतो, आई उजेड पाहत होती.

असंच दुसऱ्या टोकाला. वर्षातली सर्वांत लवकर होणारी संध्याकाळ डिसेंबरात नसते. मुंबईत ती २४ नोव्हेंबरच्या आसपास येते, सहाला एक मिनिट कमी असताना. दिवाळी होऊन गेल्यावर ऑफिसातून निघताना जो अचानक अंधार जाणवतो, तो भास नाही.

मात्र संक्रांतीचा हा मेळ कायमचा नाही, हेही सांगायला हवं. संक्रांत ताऱ्यांशी बांधलेली आहे आणि आपलं इंग्रजी कॅलेंडर ऋतूंशी. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा फार संथ डुलतो, एका फेरीला सुमारे २६,००० वर्षं लागतात. त्यामुळे ही दोन मापं एकमेकांपासून सत्तरेक वर्षांत एक दिवस सरकतात. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा, आणि तारीख होती १२ जानेवारी १८६३. आज ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. पानिपतचा रणसंग्राम १४ जानेवारी १७६१ चा. आपण सहज म्हणतो की संक्रांतीच्याच दिवशी मराठ्यांवर संक्रांत कोसळली. हाच हिशेब मागे नेला तर त्या वर्षीची संक्रांत तीनेक दिवस आधीच होऊन गेलेली होती. तिथी पौष शुद्ध अष्टमी होती. दुःख त्यानं कमी होत नाही, तारखेची गाठ तेवढी सुटते.

ज्यांना हे स्वतः पाहायचं आहे त्यांच्यासाठी: महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत, त्यामुळे इथल्या प्रत्येक गावाला शून्य सावलीचे दोन दिवस मिळतात. दक्षिणेकडून सूर्य उत्तरेला जाताना एक, परत येताना दुसरा. कोल्हापूरला मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्याला १३-१४ मेला, मुंबईला १५-१६ मेला, नागपूरला २६ मेच्या सुमारास. दिल्लीकरांच्या नशिबी हे नाही, त्यांच्या डोक्यावर सूर्य बरोबर कधीच येत नाही. गच्ची, अंगण, पत्र्याची शेड, काहीही चालेल. जागा तेवढी सपाट हवी आणि काठी ओळंब्यात. आपल्या गावाचं रेखांश मोबाइलच्या नकाशात दिसतं. ते ८२.५ मधून वजा करा, चारनं गुणा, आणि मेमध्ये त्यातून पावणेचार मिनिटं कमी करा. तेवढी मिनिटं बारानंतर थांबायची तयारी ठेवा.

दुसरा दिवस जुलैअखेरीस येतो. तेव्हा खरा सूर्य मानलेल्या सूर्याच्या साडेसहा मिनिटं मागे असतो, म्हणून मध्यान्हही उशिरा. आमच्या गच्चीचं गणित त्या सातवीतल्या मुलीनंच केलं. ३८ अधिक साडेसहा. मग पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर तिनं खडूनं लिहून ठेवलं: "२७ जुलै, १२:४४." मी म्हटलं, अगं, तेव्हा आभाळ भरलेलं असतं, सूर्य दिसायचाच नाही. ती म्हणाली, "असू दे ना काका. ढगांच्या वर तर येईलच."

खडूचं लिखाण पहिल्याच पावसात वाहून जाणार होतं. म्हणून तिनं ते घरी जाऊन कॅलेंडरवर पेनानं परत लिहिलं.